संयम की स्वच्छंद? : सोहिरोबानाथांच्या पदांच्या निमित्ताने

देवळांतील प्रवचनांतून अलीकडे दोन सूर ऐकू येतात. एक वक्ता सांगतो की मन हे मोकाट जनावर आहे. त्याच्या गळ्यात व्रतनियमांचे लोढणे अडकविल्यावाचून परमार्थाची भाषाच बोलू नये. दुसरा वक्ता, बहुधा वयाने तरुण, सांगतो की ईश्वर जर हृदयात नांदतो तर हृदयाची ओढ ही त्याचीच ओढ होय. तिला अडविणे म्हणजे त्यालाच अडविणे. दोघेही आधार संतांचाच घेतात. पहिला समर्थांचे मनाचे श्लोक पुढे करतो, दुसरा गोपींची कथा सांगतो. श्रोते दोघांपुढेही सारख्याच भक्तिभावाने माना डोलावतात आणि तीर्थप्रसाद घेऊन घरी जातात. आम्ही भोपाळकरांनी हे दोन्ही सूर एकाच सभामंडपात, एकाच उत्सवात, दोन दिवसांच्या अंतराने ऐकले आहेत. आणि कोणाला त्यांत विसंगती जाणवल्याचे दिसले नाही, याचेच आम्हांला अधिक नवल वाटले.

घरी गेल्यावर मात्र ती जाणवते. कुलदेवाच्या सोमवारचा उपास मुलगी सोडू पाहते. म्हणते, मनापासून वाटत नसता केलेला उपास देवाला काय कामाचा? आई म्हणते, मनापासून वाटेपर्यंत थांबावयाचे तर आयुष्यात कधी काही होणारच नाही. दोघींचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा वाद दर सोमवारी नव्याने होतो. शास्त्राने याचा निकाल दिला आहे काय, आणि दिला असल्यास आमच्या संतकवींनी तो कसा वाचला, एवढाच या लेखाचा विषय. त्यासाठी आम्ही एका अशा कवीची पदे निवडली आहेत, की ज्याचा जन्म कोकणपट्टीत झाला आणि अखेर आमच्या या माळव्यात. परंतु त्याच्याकडे जाण्यापूर्वी आमच्या गावाशेजारच्या एका राजाची थोडी गाठ घेणे इष्ट आहे. कारण हा पेच त्याने आमच्याआधी नऊशे-हजार वर्षे अधिक स्वच्छ मांडून ठेवला आहे.

भोपाळपासून सुमारे तीस किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी भोजपूर आहे. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याने आरंभिलेले शिवमंदिर तेथे आजही अपुरेच उभे आहे. आत शिवलिंग प्रचंड, पीठासकट माणसाच्या तिप्पट उंचीहून अधिक. आणि बाहेरच्या खडकांवर, जे भाग कधी बांधलेच गेले नाहीत त्यांचे आराखडे रेघांनी कोरलेले. महाशिवरात्रीला तेथे जाणाऱ्या आमच्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ज्या भोजाने ते मंदिर आरंभिले, त्याच्या नावावर दोन परस्परविरोधी वाटणारे ग्रंथ आहेत. ‘राजमार्तंड’ ही पातंजल योगसूत्रांवरील त्याची वृत्ती. ‘शृंगारप्रकाश’ हा छत्तीस प्रकाशांचा त्याचा साहित्यशास्त्रावरील ग्रंथ, डॉ. वे. राघवन यांनी त्याचा जो अभ्यास केला त्याला १९६६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

योगशास्त्रात क्लेश पाच. अविद्येच्या पाठोपाठ येतो तो अस्मिता, म्हणजे ‘मी’पण. साधकाने या ‘मी’ची गाठ सोडवावयाची असते. शृंगारप्रकाशात मात्र भोज सांगतो की रस एकच, शृंगार. आणि शृंगार म्हणजे केवळ स्त्रीपुरुषांची प्रीती नव्हे, तर आत्म्याच्या ठायी असलेला अभिमान, अहंकार, ज्याच्या योगाने मनुष्याला जगातील काहीही गोड लागते. म्हणजे एका ग्रंथात जी गाठ, तीच दुसऱ्या ग्रंथात मूळ. ‘मी’ सोडल्यावाचून मोक्ष नाही, आणि ‘मी’ असल्यावाचून रस नाही! एकाच लेखणीने हे दोन्ही लिहावे, यांत कोणी राजाचा विलास पाहील. आम्हांला त्यांत प्रामाणिकपणा दिसतो. भक्तिमार्गाची सगळी अडचण येथेच आहे. भक्ती ही रसावाचून होत नाही. ती आवडच आहे. आणि तरीही ती ‘माझी आवड’ राहिली तर भक्ती होत नाही.

गीतेतही हाच पेच आहे. तिसऱ्या अध्यायात भगवंत कामाला महाशत्रू म्हणतात, आणि सातव्या अध्यायात तेच भगवंत सांगतात की धर्माला विरोध न करणारा जो काम तो मीच. संयमवादी वक्ता तिसऱ्या अध्यायावर थांबतो. स्वच्छंदवादी वक्ता सातव्यातून उचलतो आणि ‘धर्माला विरोध न करणारा’ ही अट वाटेत सांडतो. श्रीज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशास सांगितलेल्या आपल्या टीकेत हे दोन्ही अध्याय उलगडले आहेत. सातव्या अध्यायातील त्या जागी, धर्माला न सोडणारा काम कसा असतो हे दाखविताना, त्यांनी जणू एका वाटसरूचे चित्र काढले आहे. तो इंद्रियांचे मन राखतो, परंतु आडरानात शिरत नाही. आणि नियम हा हाती उजेड घेऊन त्याच्या सोबतीने चालत असतो.

ज्यांनी गोव्यातील आपल्या देवस्थानांतील पालखी पाहिली आहे त्यांना या चित्राचे मर्म सांगावयास नको. दिवटी पालखी अडवीत नाही. पालखीनेही दिवटीला मागे टाकून पुढे जावयाचे नसते. मुलीच्या आणि आईच्या वादात उपास हा लोढणे आहे की दिवटी, हे विचारावयास हवे. आणि ते उपासाकडे पाहून कळणार नाही, तो करणारीला त्यामुळे वाट दिसते की नाही यावरून कळेल.

येथे एका लोकप्रिय उपमेचा समाचार घेणे प्राप्त आहे. भोपाळात प्रवचन करणारा वक्ता बहुधा मोठ्या तलावाकडे बोट दाखवितो. लोकपरंपरा त्याचा बांध भोजराजाकडे नेते. शहराच्या नावाचाही संबंध लोक त्या राजाशी जोडतात. मग वक्ता म्हणतो, वासना हे पाणी, संयम हा बांध. बांध नसेल तर पाणी वाहून जाईल, बांध असेल तर गावाची तहान भागेल. उपमा सुबोध आहे, टाळ्या घेणारी आहे, आणि आमच्या मते अपुरी आहे. तलावातील पाणी अडविल्याने साठते, परंतु ते होते तेच पाणी राहते. पन्नास वर्षे उपास करून पन्नास वर्षांपूर्वीचीच हाव जपून ठेवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, तशी ती वाचकांनीही पाहिली असतील. शिवाय बांध जागचा हलत नाही. ज्ञानदेवांचा नियम चालतो. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचाच आधार घ्यावयाचा तर त्या दोनशे पाच श्लोकांचा आरंभ आठवावा: तेथे मनाला शत्रू म्हणून दटावलेले नाही, सज्जन म्हणून हाक मारलेली आहे. ज्याला आपण सज्जन म्हणतो त्याच्या गळ्यात लोढणे घालीत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक मोहक, म्हणून अधिक जपून पाहावे. आवडीलाच देवाकडे वळवावे, ती मारू नये, हे त्यांचे सूत्र. सूत्र खोटे नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील पिंगलेची कथा त्याचा उत्तम पुरावा ठरेल. विदेहनगरीतील ही वेश्या संध्याकाळी नटून दारात उभी राहते. येणाजाणाऱ्याकडे पाहते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. मध्यरात्र उलटते आणि कोणीच येत नाही. त्या नैराश्यातून तिला उमगते की जो सर्वांत जवळ, अंतरातच होता, त्या प्रियकराला सोडून आपण रस्त्यावर पाहत राहिलो. आणि ती शांत झोपी जाते. अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत तिची गणना केली. एकनाथांनी १५७३ साली काशीस पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत या कथेला भरघोस विस्तार दिला. देवळांतून वाचल्या जाणाऱ्या पोथीत एका वेश्येला गुरुपद मिळाले, याचे आम्हांला आज वाटते त्याहून अधिक नवल वाटावयास हवे.

परंतु या कथेचा दाखला देणारे ती रात्र विसरतात. पिंगलेची आवड एका क्षणात वळली खरी. ती वळण्यापूर्वी प्रहरामागून प्रहर ती दारात ताटकळत होती. वाट पाहण्याचा नेम तिच्या अंगी धंद्यानेच बाणवला होता. चुकले होते ते एवढेच, की ती कोणाची वाट पाहत होती. उलट, संयमवाद्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिने एकही व्रत केले नव्हते. दोन्ही पक्षांना ही कथा सारखीच अडचणीची आहे, आणि आमच्या मते म्हणूनच ती चोवीस गुरूंच्या कथांतील सर्वांत खरी आहे.

अवधूताचे नाव निघाले, तेव्हा आता आमच्या मूळ कवीकडे वळू.

सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ साली, गोव्याच्या सीमेवरील बांदे येथे, सारस्वत कुळात झाला. घरी गावचे कुलकर्णीपण. म्हणजे जमाखर्च, पट्टी, वसुली. सावंतवाडीच्या दरबारी हिशेब. त्यांच्या अनुग्रहाची कथा कोकणात घरोघर ठाऊक आहे, तरी माळव्यातील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दरबाराचे तातडीचे बोलावणे आले म्हणून ते निघाले. वाटेतील रानात, झाडाच्या सावलीत बसून त्यांनी बरोबरचा पिकलेला फणस फोडला. गरा तोंडात घालणार, तोच मागून कोणी साधूने विचारले, मला काही देतोस काय? सोहिरोबांनी त्याला गरे दिले, आणि त्या साधूने, परंपरेच्या म्हणण्याप्रमाणे साक्षात गहिनीनाथांनी, त्यांना उपदेश दिला.

ही कथा ऐतिहासिक की काय, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. कथा म्हणून ती किती नेमकी आहे पाहा. भूक लागलेली, दरबाराचा धाक डोक्यावर, फणसाचा वास नाकाशी. आणि साधू म्हणत नाही की फणस टाकून दे, उपास कर. तो म्हणतो, मला दे. येथे इच्छेचा निषेध नाही. ‘माझा’ या शब्दाची मात्र परीक्षा झाली.

यापुढील भाग आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, आणि नेमका तोच कीर्तनातून गाळला जातो. अनुग्रह झाला म्हणून सोहिरोबा दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन निघाले नाहीत. कुलकर्णीपण सोडले खरे. परंतु घर सोडून ते उत्तरेकडे निघाले ते १७७४ च्या सुमारास, वयाची साठ वर्षे झाल्यावर. मधली वर्षे त्यांनी बांद्यातच, प्रपंचात राहून, साधनेत आणि ग्रंथलेखनात घालविली. ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ हे त्यांचे ग्रंथ. एका साधूच्या शब्दासरशी सर्वस्व टाकणारा मुक्तात्मा, असे जे चित्र हल्ली रंगविले जाते त्यांत ही सगळी वर्षे बसत नाहीत. ज्याला मनाची ओढ म्हणतात ती खरी असेल तर तिला उशीर सोसतो. आणि ज्या ओढीला उशीर सोसत नाही तिच्याविषयी शंका घेण्यास जागा असते.

त्यांच्या ओवीबद्ध ग्रंथांविषयी आमचे मत फारसे उत्साहाचे नाही. अद्वैत वेदान्त आणि नाथपंथी योग यांच्या परिभाषेचे ओझे त्यांत एवढे आहे, की जाणत्या वाचकाखेरीज इतरांची दमछाक व्हावी. सोहिरोबांचे खरे सामर्थ्य पदांत आहे. त्यांतही हरिभजनावाचून काळ दवडू नये असे सांगणारे जे पद, ते पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांच्या कंठातून मराठी कानाकानांत पोचले. मंगेशीच्या देवळाच्या सावलीत वाढलेल्या गायकाने बांद्याच्या कवीचे पद गावे, यांत सगळ्या गोमंतकाचा एक वारसा आहे. ज्या वाचकांच्या घरी ते पहाटे रेडिओवर वा ध्वनिमुद्रिकेवर वाजत असे, त्यांनी आता ते अर्थाकडे लक्ष देऊन पुन्हा ऐकावे.

ते पद निषेधांचे आहे. जवळजवळ प्रत्येक कडवे ‘असे करू नको’ यावर येऊन थांबते. संयमवादी वक्त्याला याहून सोयीचे काय? परंतु नेमके काय करू नको म्हटले आहे, ते पाहावे. दोरीलाच साप समजून भ्यालेल्या जिवाला कवी सांगतो की आत ज्ञानाचा दिवा आहे, तो विझवू नकोस. आपल्याच मताने, विवेकाच्या ओलाव्याविना, बोलण्याचा चिखल करू नकोस. अनुभव आल्यावाचून संतांच्या बोलण्याला उगीच मान हलवू नकोस. यांत जीभ, पोट, शय्या यांविषयी दटावणी नाही. जे आधीच तेवते आहे ते जपावयास सांगितले आहे. निषेध आहे तो ‘आपुल्या मता’चा आणि खोट्या होकाराचा. म्हणजे हट्टाने स्वतःचे म्हणणे चालविणारा आणि न समजता मान डोलावणारा, हे दोघेही या पदात एकाच पंक्तीला बसविले आहेत! आमच्या सभामंडपातील दोन वक्ते आणि त्या दोघांनाही सारखेच डोलणारे श्रोते आठवावे.

भाषेकडेही पाहण्यासारखे आहे. निषेधाच्या शेवटी येणारे ते मृदू संबोधन वाक्याची धार काढून घेते. दटावणीची समजूत होते. आज्ञा देणारा आणि ऐकणारा यांच्यात हुद्द्याचे अंतर राहत नाही. कुलकर्ण्याने आयुष्यभर वसुलीची भाषा ऐकली आणि वापरली असेल. पदात तिचा लवलेशही नाही.

याच कवीचे दुसरे प्रसिद्ध पद हिंदीत आहे, आणि ते आमच्या मुलखात जन्मले. घरात कोकणपट्टीची बोली, पोथीत मराठी, आणि उत्तरेत आल्यावर हिंदी; आमच्यापैकी ज्यांच्या घरी कोकणी बोलतात, बाहेर मराठी मंडळात मराठी आणि भोपाळच्या बाजारात हिंदी, त्यांना हा प्रवास परका वाटू नये. तीर्थयात्रा करीत सोहिरोबा ग्वाल्हेरीस पोचले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे पेडण्याच्या केरीचे, म्हणजे त्यांच्याच टापूतले आणि ज्ञातीतले. त्यांनी या सत्पुरुषाची महादजींशी गाठ घालून दिली. महादजी स्वतः भक्तिपर रचना करीत. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या रचना सोहिरोबांना दाखविल्या आणि अभिप्राय विचारला. सोहिरोबांनी त्या वाखाणल्या नाहीत. सरदार रागावले, तेव्हा त्यांनी ते पद म्हटले. आम्ही फकीर, आम्हांला कोणाची पर्वा नाही, तुझ्या धनाची गरज नाही. राजाची वाट वेगळी, जोग्याची वेगळी, असा त्याचा आशय.

या प्रसंगी कीर्तनकार महादजींना सरसकट गर्विष्ठ ठरवितात. हा अन्याय आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पानिपतात पाय अधू झालेला, १७७२ साली शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर आणून बसविणारा, बीडच्या मन्सूरशाह या सूफी सत्पुरुषाला गुरू मानणारा हा पुरुष छावणीच्या धामधुमीत बसून कृष्णभक्तीची पदे रचतो, हा संयम नव्हे तर काय? त्याला कोणी रचावयास लावले नव्हते. नेम त्याने स्वतः पाळला होता. आणि तरी कथा सांगते ते खरेच असले पाहिजे: नेमाच्या शेवटी एक लहानशी इच्छा उभी होती, की कोणी तरी ‘वा’ म्हणावे. भोजाचा शृंगार तो हाच. ‘मी’ला गोड लागावे. देवाच्या पदाखाली आपले नाव लिहावयाचे, आणि मग देवापेक्षा ते नाव कोणी वाचले की नाही याकडे डोळा ठेवावयाचा. आमच्या देवळांतील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची जी नावे कोरलेली असतात, त्यांत देणगीच्या रकमेवरून अक्षरांचा आकार ठरविणाऱ्या विश्वस्तांनी या कथेतील महादजींना हसू नये.

पण सोहिरोबांचे काय? टीकाकाराने येथे गप्प बसणे बरे नव्हे. त्या हिंदी पदाच्या सुरात आव्हान आहे. गरज नाही असे ज्याला समोरच्याला बजावून सांगावे लागते, त्याच्या मनात समोरचा थोडा तरी उरलेलाच असतो. पदाचा ठेका जोरकस, शब्द रोखठोक. दरबारात तत्काल म्हटले गेले असेल तर तो प्रतिभेचा मोठाच आविष्कार. तथापि काव्य म्हणून आणि साधनेची खूण म्हणूनही आम्ही मराठी पदालाच वरचे स्थान देऊ. त्यांत बेपर्वाईचा उच्चार नाही. कारण जो दिवा जपण्यात गुंतला आहे त्याला पर्वा कोणाची आणि बेपर्वाई कशाला? हल्ली मात्र घडते ते उलट. फकिरीचे पद नाट्यमय म्हणून लोकांच्या अधिक लक्षात राहते. ‘कोणाची पर्वा करू नका, मनाला येईल तसे जगा’ असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि त्यावर सोहिरोबांची मुद्रा मारली जाते. साठ वर्षे बांद्यात राहून मग बाहेर पडलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य घालणे, हे त्याच्या पदापेक्षा त्याच्या चरित्राच्या अज्ञानाचे लक्षण आहे. उज्जैनीस क्षिप्रेच्या काठी ते राहिले आणि १७९२ साली तेथूनच दिसेनासे झाले, असे परंपरा मानते.  खरी बेपर्वाई कोणती, ते या गोष्टीवरून कळते. गोव्यात पेडणे तालुक्यातील विर्नोडे येथील सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. माळव्यातील मराठी घरांत मात्र ते नाव घेणारे आम्हांला थोडेच भेटतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि या सगळ्या वादात ती आम्हांला सर्वांत जास्त सलते. सोहिरोबांच्या चरित्रात त्यांच्या एका बहिणीचा उल्लेख परंपरेने येतो. ती बालविधवा. भावाच्या मुखातून पदे निघत तेव्हा ती ती लिहून घेई, असे सांगतात. अठराव्या शतकातील ब्राह्मण घरातील बालविधवा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून देण्याची गरज नाही. आमच्या आजी-पणजींच्या पिढीपर्यंत ते डोळ्यांसमोर होते. केस, वस्त्र, अन्न, मंगल प्रसंगी उभे राहण्याची जागा, प्रत्येक बाबतीत नियम. त्या नियमांना आमच्या देवळांतून संयम असेच नाव दिले जात होते, आणि त्यावर प्रवचनेही होत. परंतु आत्मसंयमात ‘आत्म’ हा शब्द आहे. महादजींनी पदे रचण्याचा नेम धरला तो आपखुशीने, सोहिरोबा घरी थांबले ते आपखुशीने. या बाईला कोणी विचारले नव्हते. तिच्यापुढे चालत होती ती दिवटी नव्हती. तिच्या भोवती होता तो बांध.

त्या बांधाच्या आत तिने एक काम मात्र स्वतः निवडले असावे, असे मानण्यास जागा आहे. लिहून घेण्याची सक्ती तिच्यावर कोणत्याही शास्त्राने केलेली नव्हती. भाऊ केव्हा गाऊ लागेल याचा नेम नाही. म्हणजे कान सदा जागा, हात सदा तयार. पिंगलेची ती रात्र आठवते, पण येथे वाट पाहणे आरंभापासूनच योग्य जागी होते. आवड आणि नेम यांचे भांडण जर कोठे मिटलेले दिसत असेल तर ते आम्हांला राजा भोजाच्या ग्रंथांत किंवा ग्वाल्हेरच्या दरबारात दिसत नाही. बांद्याच्या त्या घरात, भावापासून थोड्या अंतरावर बसून लिहिणाऱ्या बाईच्या ठिकाणी दिसते. संयमावर बोलणाऱ्या कोणाही वक्त्याने तिचे उदाहरण दिलेले आम्ही अद्याप ऐकले नाही. पदाच्या शेवटी मुद्रा येते ती सोहिरोबांची. तिने लिहून घेतले नसते, तर १७७४ साली कोकण सोडून उत्तरेकडे निघालेल्या त्या गृहस्थाचे शब्द त्याच्याबरोबरच निघून गेले असते, अभिषेकींना गावयास पद मिळाले नसते, आणि भोपाळात बसून आम्हांला हा वाद घालावयास आधारही उरला नसता.